गंगापूर रोडचा सागवानी बेडरूम सेट: किती दुरुस्त करायचं, कुठे थांबायचं

पार्श्वभूमी

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांतले जुने बंगले एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. त्यांतल्याच एका बंगल्यातल्या बेडरूम सेटचं हे प्रकरण. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घर ३१ मेपर्यंत रिकामं करून बिल्डरच्या ताब्यात द्यायचं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला बहीण-भाऊ सामानाची वाटणी करायला बसले आणि वरच्या मजल्यावरच्या सात नगांपाशी अडले: दोन सिंगल पलंग, तीन दारांचं कपाट, आरशाचं ड्रेसिंग टेबल, त्याचं स्टूल आणि पलंगांशेजारची दोन छोटी टेबलं. सगळं सागवानी, आई-वडिलांनी घरीच मिस्त्री बसवून करून घेतलेलं.

भावाला ते विकायचं होतं. बहिणीला निदान पलंग तरी ठेवायचे होते. सेट नक्की काय आहे, हे मात्र दोघांनाही सांगता येत नव्हतं. पाहायला आलेला एक व्यापारी त्याला ‘ब्रिटिशकालीन’ म्हणाला, दुसरा ‘आर्ट डेको’, तिसरा थेट ‘चंदीगड फर्निचर’.

तिन्ही अंदाज चुकीचे होते, आणि ते ओळखायला नगच पुरेसे होते. डेको फर्निचर जड असतं. कडा गोल वळवलेल्या, पाया जमिनीला टेकलेला, दर्शनी बाजूला व्हिनियरची, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, नक्षी. इथे कपाटसुद्धा साडेसात इंचांच्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या तिरप्या पायांवर उभं होतं. दारं सपाट, कोरीवकाम शून्य. ड्रेसिंग टेबलाच्या खणांना मूठ नव्हती, वरच्या कडेलाच बोट शिरेल एवढी खाच होती. पलंगाच्या डोक्याकडच्या चौकटीत वेताची जाळी. ही घडण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतली, जिला आज मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात.

ही शैली डेन्मार्कच्या सागवानी फर्निचरमुळे जगभर पोचली. भारतात तिला स्वतःची वाट मिळाली ती चंदीगडमध्ये. वास्तुकार पिएर जानरे १९५१ साली तिथे आले आणि १९६५ पर्यंत राहिले. कचेऱ्या आणि सरकारी घरांसाठी सागवान, शिसव आणि वेताच्या हजारो वस्तू त्या काळात बनल्या. बाजारात ‘चंदीगड फर्निचर’ म्हणतात ते हेच. १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. नाशिकच्या मिस्त्रीपर्यंत यातलं थेट काही आलं नसेल. मासिकांतली चित्रं आणि मुंबईच्या शोरूममध्ये पाहिलेले नमुने मात्र येत होते. मालक चित्र दाखवी, मिस्त्री हाताशी असलेल्या सागात ते बसवी. म्हणून या वस्तूंवर सही नसते, शिक्का नसतो, आणि कर्त्याचं नाव बहुतेक वेळा कधीच कळत नाही.

काळ ठरवायला एक धागा मिळाला. कपाटाच्या खालच्या खणाच्या तळाशी १९६३ सालचा ‘गांवकरी’ अंथरलेला होता. खणात अंथरलेला कागद वस्तू कधी बनली ते सांगत नाही, तेव्हा ती घरात होती एवढंच सांगतो. पण एका खाचेचे स्क्रू, पाठीचा जुना हार्डबोर्ड आणि सांध्यांत दिसणारा सरस यांच्यासोबत धरला तर ‘साठच्या दशकाची सुरुवात किंवा त्याआधी’ असं लिहिणं रास्त होतं. बहिणीने तेवढंच लिहून ठेवलं.

संग्राहकाला यात काय दिसतं

पुढचे सगळे निर्णय या मुद्द्यावर फिरले, म्हणून तो आधी.

पहिली गोष्ट लाकूड. पलंगाची बाजूची फळी सव्वासहा फूट लांब, सात इंच रुंद, एकसंध, एकही गाठ नाही. रेषा सरळ आणि दाट. असा सलग गाभ्याचा साग आज वखारीत मागितला तर मिळणं कठीण, आणि मिळाला तरी भाव ऐकून बहुतेकजण मागे फिरतात. दुसरी गोष्ट सेट पूर्ण असणं. सुटं ड्रेसिंग टेबल पुष्कळदा बाजारात येतं, पण स्टुलासकट आणि जोडीच्या साइड टेबलांसकट फार क्वचित.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: पृष्ठभाग. साठ वर्षांत लाखेच्या पॉलिशला आणि त्याखालच्या सागाला जो रंग चढतो, तो डबीतल्या रंगाने आणता येत नाही. हाताळलेल्या कडा किंचित उजळ, खोबणी गडद, वरचा भाग मधाळ. जाणता संग्राहक पैसे मोजतो ते या पृष्ठभागाचे आणि हात न लागलेल्या सांध्यांचे. चकचकीत ‘नवंकोरं’ केलेलं फर्निचर त्याच्या दृष्टीने सागवान लाकडाची वस्तू असते, त्या काळाची राहत नाही.

नग कोणत्या अवस्थेत होते

पलंग वरून ठीक वाटत होते. नवार केव्हाच गेली होती. तिच्या जागी प्लायवुड, तेही खिळे मारून. एका पलंगाची वेताची जाळी मधोमध फाटलेली. डोक्याकडच्या वरच्या पट्टीवर खोबरेल तेलाचा वर्षानुवर्षांचा काळपट डाग. आणि एका बाजूची फळी हलत होती. कारण शोधायला बोल्ट काढला तेव्हा कळलं की मूळचे बोल्ट ३/८ इंचाचे, विटवर्थ म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे होते आणि आधीच्या कुठल्या तरी स्थलांतरात हरवलेल्या बोल्टच्या जागी १० मिमीचा मेट्रिक बोल्ट ठोकून बसवला होता. ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिमी. शिवाय विटवर्थला इंचाला १६ आटे, तर मेट्रिकचा दर आटा दीड मिमीवर. दिसायला दोन्ही सारखे, पण जबरदस्तीने फिरवला की नटाचे आटे सपाट होतात. जुना पलंग खिळखिळा झाला की लोक लाकडाला दोष देतात. पुष्कळदा दोष या एका बोल्टचा असतो.

कपाटाचं दुखणं गंभीर होतं. खालच्या आडव्या पट्टीजवळ पिठासारखी भुकटी पडत होती. साग टिकतो हे खरं, पण ते त्याच्या गाभ्याबद्दल. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं आणि लाकूड पोखरणारा भुंगा त्यावरच जगतो. तो उघड्या रंध्रांत अंडी घालतो, पॉलिश केलेल्या पृष्ठभागात नाही. मिस्त्रीने त्या पट्टीची गाभ्याची बाजू दर्शनी ठेवली होती आणि पांढरी बाजू आत, जिथे पॉलिशचा हात पोचलाच नव्हता. मधल्या दाराचं व्हिनियर तळाशी चार इंच उचललेलं, कारण रोज ओल्या फडक्याने फरशी पुसताना पाणी दाराच्या खालच्या कडेला लागे.

ड्रेसिंग टेबलाला नंतर केव्हातरी क्रीम रंगाचा ऑइल पेंट फासला होता. आरशाच्या कडेचा पारा उडून काळे ठिपके आले होते. एका साइड टेबलावर सनमायका चिकटवलेला. स्टूल मात्र जवळजवळ अस्पर्श होतं, आणि पुढे सगळ्या कामाला रंगाचा नमुना म्हणून तेच उपयोगी पडलं.

समोर आलेले पर्याय

पहिला प्रस्ताव पॉलिश कंत्राटदाराचा. “ताई, नव्यासारखं करून देतो,” म्हणाला, आणि त्याच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं. मशीनने घासून सगळं उघडं करायचं, लांबी भरायची, वर मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) हात. १२ दिवस, ६२,००० रुपये. रोज वापरायच्या फर्निचरला पीयू वाईट नाही. पाणी, गरम कप, सगळं सोसतं. अडचण इथल्या नगांची होती. कपाटाची दारं भरीव नव्हती; भरीव चौकटीत व्हिनियर लावलेला बोर्ड होता. त्या काळचं व्हिनियर आजच्यापेक्षा जाड, तरी जेमतेम ०.८ ते १ मिमी. कडेला मशीन दोन-तीन सेकंद जास्त टेकलं की आतला बोर्ड दिसतो आणि मग परत फिरता येत नाही. शिवाय निमुळत्या पायांच्या धारदार कडा गोल होतात. या शैलीचं सगळं रूप त्या कडांवर असतं.

दुसरा प्रस्ताव आहे तसं विकण्याचा: सातही नगांचे मिळून ८०,०००, रोख, टेम्पो व्यापाऱ्याचा. घर रिकामं करायची घाई असलेल्या माणसाला हा पर्याय मोहात पाडतो. भाऊ जवळजवळ तयार होता.

तिसरा पर्याय जपणूक-दुरुस्तीचा. जेवढं बिघडलं आहे तेवढंच दुरुस्त करायचं, मूळ पॉलिश जिथे शाबूत आहे तिथे ठेवायचं, वापरलेली प्रत्येक गोष्ट पुढे काढता येईल अशी हवी. अंदाज १,४२,००० रुपये आणि दहा-अकरा आठवडे. जवळजवळ सगळा खर्च मजुरीचा.

‘चंदीगड फर्निचर’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने चौथी गोष्ट सुचवली: तसं लेबल लावून विकू, किंमत कितीतरी पट येईल. बहिणीने ते तिथेच थांबवलं, आणि या प्रकरणातला सर्वांत सोपा व सर्वांत योग्य निर्णय तोच होता. चंदीगडच्या वस्तूंवर बहुधा खात्याची अक्षरं आणि क्रमांक रंगवलेले असतात, त्या कुठून बाहेर पडल्या याची कागदपत्रं मागितली जातात, नकली मालही भरपूर आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली त्या वारसा फर्निचरच्या विक्रीला आळा घालणारा आदेश काढला होता. निमुळते पाय आणि वेत एवढ्यावर ते नाव लावणं म्हणजे फसवणूक. नाशिकच्या मिस्त्रीने केलेली वस्तू त्याच ओळखीने विकली तर तिची किंमत कमी येते, पण टिकते.

याच सुमारास भावाने एक रास्त शंका काढली: इतकं जुनं विकायला परवानगी लागते का? पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार अशा वस्तूला पुरावशेष ठरायला किमान १०० वर्षं लागतात. साठ वर्षांच्या पलंगाला तो लागू होत नाही.

निर्णय

तिसरा पर्याय ठरला, पण एका बदलासह: पलंग बहीण ठेवणार, त्यांचा खर्च तिचा, उरलेले पाच नग दुरुस्तीनंतर विकायचे, त्यांचा खर्च विक्रीतून वळता करायचा. सेट फोडल्याने किंमत घटणार, हे दोघांना आधीच सांगितलं होतं. तरी त्यांनी तो फोडला. घर सुटत असताना निदान झोपायचा पलंग आपल्याकडे राहावा असं कुणाला वाटलं, तर बाजारभावाने त्याला चूक म्हणता येणार नाही.

सातपूरला एका शेडमध्ये जागा मिळाली आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सामान हललं.

काम कसं झालं

*आधी पॉलिश ओळखणं.* प्रत्येक नगाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट धरला. पॉलिश चिकट होऊन कापसाला तांबूस रंग आला म्हणजे लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. इथे सातही नगांवर मूळ लाखच निघाली, ड्रेसिंग टेबलाच्या पेंटखालीसुद्धा.

*सफाई.* कोरड्या ब्रशने धूळ, मग मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने मेण, काजळी, तेल. फक्त या पायरीनंतर स्टूल इतकं उजळलं की त्याला पुढे मेणाखेरीज काही लावलंच नाही. तेलाच्या डागावर खडूची बारीक पावडर टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप दिला, वर प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवला आणि सकाळी कोरडा झटकला. असे पाच लेप झाल्यावर डाग निम्म्याहून फिका झाला. तिथेच थांबायचं ठरलं, कारण पुढे जायचं तर लाकूड खरवडावं लागलं असतं.

*कीड.* भुंगा जिवंत आहे की जुनी भोकं आहेत, हे पाहायला कपाटाखाली काळा कागद अंथरून दिसणारी भोकं खडूने खुणावली. दोन आठवड्यांत कागदावर ताजी फिकट भुकटी आणि चार नवी भोकं. कीड चालू होती. आठ इंचांचा भाग हाताने चुरला जात होता, तो कापला. उरलेल्या पांढऱ्या लाकडाच्या आतल्या, पॉलिश नसलेल्या बाजूला बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं द्रावण ब्रशने तीनदा दिलं आणि भोकांत सिरिंजने सोडलं. दर वेळी ओलं असतानाच प्लॅस्टिकने गुंडाळून दोन दिवस ठेवलं, म्हणजे द्रावण वाळण्याआधी खोल मुरतं.

कापलेल्या जागी जोड द्यायला जुन्या नाशिकमधल्या पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा साग आणला. नवा साग आधी पिवळट-हिरवट असतो, उजेडात हळूहळू तांबूस होतो. त्याचा आजचा रंग जुळवला तर सहा महिन्यांनी तो बेरंग दिसतो. वाड्याच्या सागाची ही वाटचाल होऊन गेलेली असते. ओलावा मीटरवर ११ टक्के भरला. जोड एकाला आठ अशा तिरक्या उताराने कापला, म्हणजे चिकटायला लांब जागा मिळते. साग तेलकट असल्याने गोंद लावण्याच्या अगदी आधी दोन्ही बाजू थिनरने पुसणं आवश्यक; हे टाळलं की सांधा काही महिन्यांत सुटतो.

*सांधे आणि व्हिनियर.* मूळ सांधे सरसाचे होते, म्हणून दुरुस्तीही सरसानेच. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, सकाळी गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात साधारण ६० अंशांवर पातळ करायचा. उकळला की ताकद गेली. पांढरा गोंद जास्त मजबूत असतो हे खरं, पण तो जुन्या सरसाच्या थरावर नीट धरत नाही आणि पुढच्या वेळी सांधा उघडायचा तर लाकूड फाटतं. सरस कोमट पाण्याने सुटतो, आणि इथे तेच हवं होतं. उचललेल्या व्हिनियरखाली पातळ सुरीने धूळ काढून सिरिंजने सरस सोडला, वर मेणकागद, त्यावर सपाट फळी, आणि शिकंजा लावून दिवसभर दाबून ठेवलं.

*पेंट.* इथे घाई अंगाशी येते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असणारच असं धरून चालावं. म्हणजे कोरडं घासणं बंद, कारण धूळ श्वासात जाते. सुदैवाने पेंटखाली लाख होती. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं पेंटवर पसरून वर प्लॅस्टिक झाकलं. पेंटच्या भेगांतून आणि कडांतून स्पिरिट आत जातं, खालची लाख मऊ होते आणि पेंट तिच्यासकट सोलून निघतो. वीत-दोन वीत भाग एका वेळी, बोथट पट्टीने. निघालेला लगदा ओलाच कागदात गोळा करून बंद पिशवीत. मूळ लाख अर्थातच गेली. सागाच्या उघड्या रंध्रांत उरलेला क्रीम रंग स्पिरिट आणि पितळी ब्रशने रेषेच्या दिशेने काढावा लागला. एकट्या ड्रेसिंग टेबलाला जवळपास तीन आठवडे गेले, आणि वेळेचा अंदाज सर्वांत जास्त चुकला तो इथेच.

सनमायका काढताना कडेने सिरिंजने थिनर सोडत, हेअर ड्रायरने ऊब देत, पातळ पट्टी सरकवत गेलं. दोन ठिकाणी व्हिनियरचे कपचे सोबत आले. तिथे होडीच्या आकाराचे तुकडे रेषा जुळवून बसवले. जवळून पाहिलं तर दिसतात, आणि ते लपवलेले नाहीत.

*वेत.* जाळी चौकटीच्या भोकांतून हाताने विणलेली, सहा पदरी. तयार जाळीचा तुकडा खाचेत दाबून बसवला असता तर एका दिवसाचं काम होतं. पण त्यासाठी चौकटीत खाच पाडावी लागली असती. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या वर्षानुवर्षे विणत आलेल्या अंध कारागिरांचं हे कसब आहे. अशाच एका कारागिराने वेत अर्धा तास पाण्यात भिजवून मूळच्या भोकांतूनच जाळी विणली. दुसऱ्या पलंगाची शाबूत जाळी तशीच ठेवली; दोन्हींच्या रंगात फरक आहे आणि काही वर्षांत तो मिटेल.

पलंगाचं प्लायवुड काढलं, खिळ्यांची भोकं भरली. आतल्या मूळ आधारपट्टीवर तीन इंच रुंदीच्या सुट्या पट्ट्या नुसत्या ठेवल्या, एकही स्क्रू नाही. विटवर्थ बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात विचारून मिळाले. दोन पलंगांचा एक डबल करायला आतल्या बाजूच्या फळ्या कापा, असंही कुणी सुचवलं होतं. त्याऐवजी पायांपाशी काढता येतील अशा दोन जोडपट्ट्या दिल्या; वर ७५ बाय ७२ इंचांची गादी बसते.

*पॉलिश.* चपडी लाख १८० ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डबा चालत नाही, लाख काळवंडते. मलमलीतून गाळून घ्यायची, आणि आधी काचेवर थेंब टाकून पाहायचा: तासाभराने चिकटच राहिला तर लाख जुनी आहे, फेकून द्यावी. ड्रेसिंग टेबलाला पहिल्यापासून हात द्यावे लागले. कपाटाला आणि साइड टेबलांना फक्त जिथे गेलं तिथे, बाकी जुनं पॉलिश स्पिरिटच्या हलक्या बोळ्याने एकजीव केलं. शेवटी १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण ३०० मिली टर्पेंटाइनमध्ये, गरम पाण्यावर, आचेपासून लांब वितळवून.

पेंटने खाल्लेले दिवस इथे महागात पडले. ड्रेसिंग टेबलाचं पॉलिश जूनच्या शेवटी सुरू झालं आणि पाऊस लागला. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि लाखेवर पांढुरकी साय येते. दोनदा आली. कोरड्या सकाळी स्पिरिटचा बोळा फिरवून ती काढली, पण उरलेले हात थांबवून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत टेबल तसंच ठेवावं लागलं.

आरसा

मे महिन्यात, काम चालू असताना, भावाने चांगल्याच हेतूने ड्रेसिंग टेबलाचा आरसा काचवाल्याकडे दिला. नवा बसला, स्वच्छ, सरळ कडेचा. जुना तिथेच भंगारात गेला. जुन्याला जवळपास इंचभर रुंद, हाताने घासलेली तिरपी कड होती आणि त्याच्या पाठीचं लाकूडही त्याच मापाचं. काळे ठिपके चेहरा पाहायला अडचण करत नव्हते. पर्याय होते: तसाच ठेवायचा, मागून पारा पुन्हा चढवून घ्यायचा, किंवा नवा लावून जुना गुंडाळून सोबत द्यायचा. तिसरा तर फुकटचा होता. शेडमधल्या मिस्त्रींनी सुटे भाग कुणी न्यायचे नाहीत हे लिहून दिलेलं नव्हतं, त्यामुळे दोष एकट्या भावाचा नाही.

निकाल

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर, पुण्याच्या एका संग्राहकाने पाच नग घेतले. फोटो आणि सफाईच्या आधीच्या नोंदी पाहून त्याने २,६०,००० सांगितले होते. प्रत्यक्ष पाहताना त्याने खण बाहेर काढून उलटे केले, कोपऱ्यांतले डव्हटेल (एकमेकांत अडकवलेले दातेरी सांधे) पाहिले, पायांच्या कडांवरून बोट फिरवलं, कपाटाखाली आडवा होऊन जोड पाहिला. जोडाबद्दल तक्रार नव्हती. तो कागदावर आधीच लिहिलेला होता. आरशासाठी मात्र २५,००० कमी केले. सौदा २,३५,००० वर झाला, वाहतूक त्याची.

पाच नगांचा दुरुस्तीखर्च १,०८,००० झाला होता, म्हणजे हातात १,२७,००० उरले. व्यापारी सात नगांचे ८०,००० देत होता. इथे पाच नग गेले आणि पलंग घरात राहिले, त्यांचा ३४,००० चा खर्च बहिणीने वेगळा केला. फायदा आहे, पण सहा महिने, शेडची जागा आणि मनस्ताप धरला तर तो डोळे दिपवणारा नाही. नुसत्या पैशासाठी हा रस्ता धरणाऱ्याने हे गणित आधी मांडावं.

पाठवताना एक काळजी घेतली: ताज्या लाखेला प्लॅस्टिक किंवा बबलरॅप थेट लावला नाही. लाख कडक व्हायला आठवडे लागतात, तोवर फुग्यांचे ठसे उमटतात. आधी जुन्या सुती चादरी, मग पुठ्ठा. सिन्नर, संगमनेरमार्गे टेम्पो पुण्याला ओरखड्याशिवाय पोचला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा बदल क्रमाचा. ड्रेसिंग टेबल पहिल्या दिवशी हातात घ्यायला हवं होतं. पेंटखाली काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, आणि नाशिकमध्ये लाखेचं काम मेअखेर संपलं नाही तर ते दसऱ्यावर जातं. पलंगांचं काम पावसातही झालं असतं. वेताला दमट हवा उलट बरी. प्रत्यक्षात सोपे नग आधी उरकले गेले.

किडलेलं कपाट बाकी सहा नगांसोबत एकाच टेम्पोत आलं आणि दोन आठवडे एकाच छपराखाली राहिलं. कुठे पसरलं नाही, पण पसरू शकलं असतं. भुकटी दिसताच ते वेगळं गुंडाळून ठेवायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात काळा कागद पुन्हा अंथरून पाहायला संग्राहकाला सांगितलं आहे, कारण लाकडात उरलेली अळी वर्षभराने बाहेर येऊ शकते.

नोंदींचं काम अर्धवट झालं. कपाटाचे आणि टेबलांचे फोटो प्रत्येक टप्प्याला आहेत. पलंगांचे ‘आधीचे’ फोटो नाहीत, कारण ते विकायचे नव्हते. वीस वर्षांनी ते विकायचे ठरले तर कोणती जाळी मूळची आणि कोणती नवी, हे सांगायला कागद नसेल. बहिणीने आता एका चिठ्ठीवर ते लिहून चिठ्ठी पलंगाच्या आतल्या फळीला टाचली आहे, आणि मूळच्या उरलेल्या तीन बोल्टांची पुडीही तिथेच बांधली आहे.